व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलताना आधी उंची मोजा, मग स्प्रिंग बसवा

कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग लागतात त्या मुख्यतः दोन वेळी: जास्त लिफ्टचा (म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) कॅम टाकताना, किंवा कंपनीच्या मर्यादेपेक्षा वरच्या आरपीएमला इंजिन फिरवायचं असेल तेव्हा. तिथे मूळ स्प्रिंग कमी पडते, व्हॉल्व्ह वेळेवर बंद होत नाही आणि वर येणारा पिस्टन त्याला ठोकतो. कॅमही मूळचा आणि रेव्ह लिमिटही मूळचं असेल तर कंपनीच्याच नव्या स्प्रिंगा टाका. गरज नसताना कडक स्प्रिंग घातली की कॅम आणि रॉकर (कॅमचा रेटा व्हॉल्व्हपर्यंत नेणारे हात) झिजतात, ताकद मात्र तेवढीच राहते.

उदाहरणाला २००३पूर्वीची होंडा सिटी १.५ व्हीटेक घेऊ. एक कॅम, १६ व्हॉल्व्ह, आणि हेड न उतरवता काम होतं.

पहिला सिलिंडर टीडीसीला (पिस्टन अगदी वरच्या टोकाला) आणून टायमिंगच्या खुणा जुळवा आणि मगच टायमिंग बेल्ट काढा. प्लग, टॅपेट कव्हर, डिस्ट्रिब्युटर वगैरे नेहमीप्रमाणे. रॉकरचे बोल्ट थोडे थोडे करून सगळीकडून सारखे सैल करा, पण उपसू नका. ते भोकांतच ठेवून अख्खा संच उचला, म्हणजे रॉकर शाफ्टवरून सुटत नाहीत. मग कॅम बाहेर. तेल खाली जाण्याची सगळी भोकं फडक्याने बुजवा. व्हॉल्व्हचं लॉक (रिटेनर दांडीला अडकवून ठेवणारी छोटी पाचर) त्यातून खाली गेलं तर ऑइल पॅन उतरवावा लागतो.

व्हॉल्व्ह आत पडू नये म्हणून बरेच जण सिलिंडरमध्ये हवा भरायला सांगतात. मी दोरीच वापरतो. हवेने पिस्टन खाली ढकलला जातो, आणि मध्येच वीज गेली, कॉम्प्रेसरचं प्रेशर उतरलं, की व्हॉल्व्ह सुटलाच. पिस्टन थोडा खाली असताना प्लगच्या भोकातून जाडसर नायलॉनची दोरी आत सरकवा, टोक बाहेर ठेवा, आणि क्रँक हाताने फिरवून दोरी व्हॉल्व्हखाली घट्ट दाबली जाईपर्यंत पिस्टन वर आणा. रॉकर काढलेले असल्यामुळे सगळे व्हॉल्व्ह बंदच आहेत, त्यामुळे कॉम्प्रेशन स्ट्रोक शोधत बसायची गरज नाही. एका वेळी एकच सिलिंडर उघडा.

रिटेनरवर (स्प्रिंगच्या वरच्या टोपीवर) सॉकेट ठेवून हातोडीने हलकी थाप मारा, चिकटलेली लॉक मोकळी होतात. मग स्प्रिंग दाबून ती चुंबकाने उचला. सील नवेच घाला: इनटेकच्या सीलवरची कडी पांढरी, एक्झॉस्टची काळी.

आता खरं काम. नव्या स्प्रिंगच्या पाकिटावर एक दाब आणि एक उंची (हेडमध्ये बसलेल्या स्प्रिंगची लांबी) छापलेली असते. तो दाब फक्त त्याच उंचीला मिळतो, आणि तुमच्या हेडमधली उंची तीच असेल असं कुणीही गृहीत धरू नये. जुन्या गाड्यांच्या हेडचं काम एकदा तरी झालेलं असतं. सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसतो, दांडी वर येते आणि उंची वाढते. समजा ३५ मिमीला २५ किलो दाब देणारी स्प्रिंग आहे आणि दर मिमीला ४ किलो वाढते. तुमच्याकडे उंची ३६ भरली तर बसताना दाब २१च किलो. पैसे कडक स्प्रिंगचे गेले, काम जवळपास जुन्याच स्प्रिंगचं झालं. ‘बसव आणि चालव’ म्हणणाऱ्या मिस्त्रीला हे दिसत नाही, कारण गाडी सुरू होते आणि छान चालते. फरक कळतो तो वरच्या आरपीएमला, आणि तोवर उशीर झालेला असतो.

मोजायचं असं: स्प्रिंग न घालता खालची वॉशर, सील, रिटेनर आणि दोन्ही लॉक लावा. रिटेनर वर ओढून धरा. वॉशरपासून रिटेनरच्या ज्या कडेला स्प्रिंग टेकते तिथपर्यंतचं अंतर मोजा. हे सोळाही व्हॉल्व्हना करा आणि प्रत्येकाचा आकडा लिहून ठेवा. उंची जास्त असेल तिथे स्प्रिंगखाली शिम (पातळ चकती) घाला.

पण शिम घालण्याआधी दुसरा हिशेब करा. स्प्रिंग वाइसमध्ये पूर्ण दाबून, वेढे एकमेकांना टेकले की लांबी मोजा. समजा ती २२.५ मिमी आली. बसलेली उंची ३५, कॅमची लिफ्ट १०, म्हणजे पूर्ण उघडल्यावर २५ उरले, शिल्लक २.५. उत्तम. त्यातच १.५ मिमीची शिम घातली तर शिल्लक १ वर येते, आणि ते मला चालत नाही. निदान १.५ मिमी शिल्लक हवीच. वेढे टेकले की स्प्रिंग लोखंडाचा ठोकळा होते आणि रॉकर किंवा कॅम तुटतो. पूर्ण लिफ्टला रिटेनरचा तळ आणि सील यांच्यातही तेवढीच फट ठेवा. दाब कमी आणि जागाही कमी, असं दोन्ही निघालं तर स्प्रिंगच चुकीची आहे. परत करा.

बसवताना स्प्रिंगच्या दाट वेढ्यांची बाजू खाली, हेडकडे. लॉक ग्रीसने दांडीच्या खाचेत चिकटवा आणि स्प्रिंग दाबायचं हत्यार सावकाश सोडा. मग रिटेनरवर पुन्हा एक हलकी थाप. लॉक नीट बसलं नसेल तर ते आत्ताच, दोरी आत असताना, सुटलेलं बरं.

सगळ्या दोऱ्या निघाल्याची खात्री करून क्रँक परत खुणेवर आणा. कॅम, रॉकर, बेल्ट. हे इंजिन पुलीच्या बाजूने पाहता घड्याळाच्या उलट फिरतं, हाताने फिरवतानाही तीच दिशा ठेवा. दोन पूर्ण फेऱ्या मारा. कुठे अडलं तर जोर लावू नका, खुणा पुन्हा बघा. टॅपेट (रॉकर आणि व्हॉल्व्हमधली फट) थंड इंजिनवर लावा, आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासा. रेव्ह लिमिट वाढवायचं ते त्यानंतरच.