एकांकिकेची तालीम कशी करायची: कॉलेजच्या ग्रुपसाठी

एकांकिका बसवायला पाच-सहा आठवडे आहेत असं धरून हे लिहितेय, कारण पुरुषोत्तम करंडक ही पुण्याची आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा असो नाहीतर तालुक्याची एखादी स्पर्धा, कॉलेजच्या ग्रुपला साधारण तेवढाच वेळ मिळतो आणि त्यातही लेक्चर्स, सबमिशन, शेवटची बस गाठणारे लोक असं सगळं असतं. बरेच ग्रुप तालीम म्हणजे रोज पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत नाटक करत बसतात. त्यामुळे होतं काय, की पहिली दहा मिनिटं झकास बसतात आणि शेवटची दहा, जिथे नाटक खरं उभं राहायचं असतं, ती रोज रात्री साडेनऊला दमलेल्या लोकांकडून घाईत उरकली जातात. तसं करू नका. प्रत्येक तालमीला एकच काम ठरवा आणि ते आदल्या दिवशी ग्रुपवर टाका, उद्या फक्त भांडणाचा सीन, उद्या फक्त एंट्री-एक्झिट, उद्या शेवट. आठवड्यातून एकदा तरी तालीम शेवटच्या प्रसंगापासून सुरू करा.

पहिला आठवडा वाचनाचा. उभं राहायची घाई सगळ्यांना असते पण बसा, गोल करून बसा आणि वाचा. पहिली दोन-तीन वाचनं अभिनय न करता, अगदी सपाट, म्हणजे वाक्यात काय आहे ते ऐकू येतं. मग प्रत्येक वाक्याला विचारा की हे पात्र हे आत्ताच का बोलतंय, समोरच्याकडून त्याला काय हवंय, आणि ते मिळतंय का. ज्या वाक्याला उत्तर सापडत नाही तिथे लेखकाला बोलवा, कॉलेजच्या एकांकिकेत लेखक बहुतेक वेळा तुमच्याच कट्ट्यावर असतो, हा केवढा मोठा फायदा आहे, तो वापरा. भूमिका अदलाबदल करून पण एकदा वाचा, म्हणजे आई करणारीने मुलाची वाक्यं वाचायची. समोरच्या पात्राची बाजू आतून कळली की नंतर त्याचं बोलणं ऐकावंसं वाटतं, आणि माझ्या मते तालमीतली निम्मी मेहनत ही ऐकायला शिकण्यासाठीच असते. स्वतःची पाळी कधी येते याची वाट बघणारा नट प्रेक्षकांना शेवटच्या रांगेतून पण दिसतो.

पुरुषोत्तम करंडक महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून भरवतेय, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात कॉलेजच्या मुलांची 'अरे आवाज कुणाचा' ही घोषणा ऐकून अंगावर काटा येतो तो येतोच, पण तिथे जोर लेखन, दिग्दर्शन आणि अभिनयावर असतो, तांत्रिक करामतीवर नाही. २०२२ ला तर परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडक दिला नाही. म्हणून वाचनाचे दिवस कापून ते सेट रंगवण्यात घालवू नका ही माझी हात जोडून विनंती आहे.

याच आठवड्यात कागदपत्रांचं पण बघून टाका. महाराष्ट्रात जाहीर प्रयोगासाठी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं आणि संहिता बाहेरच्या लेखकाची असेल तर त्याची लेखी परवानगी. हे काम एकाच माणसाकडे द्या, आणि तो शक्यतो नट नको.

दुसऱ्या आठवड्यात उभं राहायचं. त्याआधी थिएटरच्या रंगमंचाचं माप काढा, रुंदी, खोली, विंगा किती आणि कुठे, आणि तेवढंच माप तालमीच्या जागेत खडूने नाहीतर चिकटपट्टीने आखा. वर्ग लहान असेल तर पार्किंगमध्ये आखा. लहान जागेत बसवलेल्या मूव्हमेंट मोठ्या स्टेजवर गेल्या की चार पावलांचं अंतर आठ पावलांचं होतं, वाक्य संपतं आणि माणूस अजून चालतोच आहे असं दिसतं. दार कुठे, खिडकी कुठे, पलंग कुठे हे पण आखा आणि आखलेल्या भिंतीतून कुणालाही चालत जाऊ देऊ नका, पहिल्या दिवसापासून. मूव्हमेंट पेन्सिलने स्क्रिप्टच्या समासात लिहायच्या, पेनाने नको कारण त्या बदलणारच. कोण कुणाला झाकतंय हे दिग्दर्शकाने समोरून तर बघायचंच, पण हॉलच्या दोन्ही टोकांना बसून पण बघायचं.

पाठांतर दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी झालंच पाहिजे. पाठ करताना सूर लावून पाठ करू नका, एकदा का वाक्य एका चालीत बसलं की ते सोडवणं फार अवघड जातं. आणि फक्त आपली वाक्यं पाठ करू नका, आपल्या आधीच्याचं वाक्य, निदान त्याचा शेवट, तोंडपाठ पाहिजे. हाताने लिहून काढणं हा जुना उपाय अजूनही सगळ्यात चांगला. मग चहा पिताना, बसस्टॉपवर, कुठेही स्पीड रन घ्या, नुसती वाक्यं, भराभर, न थांबता, जिथे अडखळाल तिथे पाठ कच्चं आहे. प्रॉम्प्टर मात्र तालमीत रोज एकच ठेवा, रोज वेगळा माणूस पुस्तक धरून बसला तर त्याला नटाचा पॉज कुठला आणि विसरलेलं कुठलं हे कळत नाही आणि चांगला जमलेला पॉज तो मधेच वाक्य देऊन घालवतो.

प्रॉपर्टीबद्दल, म्हणजे स्टेजवर वापरायच्या वस्तूंबद्दल, जरा जास्त बोलते कारण इथे सगळेच आळस करतात. 'प्रयोगाच्या दिवशी खरा कप आणू' हे चालत नाही. खरा कप, त्यात खरा चहा किंवा निदान पाणी, तिसऱ्या आठवड्यापासून. भरलेला कप हातात असताना माणूस वेगळा वळतो, वेगळा बसतो, वाक्य कधी बोलायचं आणि घोट कधी घ्यायचा याचं सगळं गणित बदलतं. साडी असेल तर साडी नेसून तालीम, धोतर असेल तर धोतर, चप्पल असेल तर तीच चप्पल, कारण लाकडी फळ्यांवर चपलेचा आवाज होतो. ज्या मुलीने आयुष्यात दोनदा साडी नेसलीये तिला प्रयोगाच्या दिवशी पलंगावर मांडी घालून बसायला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे. विंगेत एक टेबल ठेवा, त्यावर कागद चिकटवा, प्रत्येक वस्तूची जागा आखून तिचं नाव लिहा, वस्तू वापरून झाली की परत तिथेच. प्रयोगाआधी एका नजरेत कळतं की काय राहिलंय.

संगीत देणारा आणि लाईट करणारा यांना शेवटच्या दोन दिवसांत बोलावू नका, तिसऱ्या आठवड्यापासून बसवा, मोबाईलवर का होईना म्युझिक वाजू दे. क्यू शीटवर, म्हणजे लाईट-म्युझिक कधी सुरू-बंद करायचं त्या यादीवर, 'इथे दुःखी म्युझिक' असं लिहून काही होत नाही, कुठल्या शब्दानंतर सुरू, कुठल्या हालचालीवर बंद, किती सेकंदांत फेड आऊट, असं लिहा. ब्लॅकआऊटची पण तालीम लागते. खोलीतले दिवे खरोखर बंद करा आणि त्या अंधारात कोण कुठून बाहेर जाणार, खुर्ची कोण उचलणार हे पुन्हा पुन्हा करा, स्टेजवर अंधारात चमकणारी चिकटपट्टी लावता येते पण पायांना सवय असलेली बरी.

आवाज. ऑगस्टमध्ये पावसाचा आवाज, पत्र्याची शेड, त्यावर ओरडून केलेली तालीम, आणि मग प्रयोगाच्या आठवड्यात अर्ध्या ग्रुपचे घसे बसलेले. तालमीआधी दहा मिनिटं खर्जात ॐकार, मग शब्दांचे शेवट स्पष्ट म्हणायचा सराव, मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि नट नेमकं तेच गिळतात. ओरडू नका, शेवटच्या रांगेत एकाला बसवा आणि त्याच्याशी बोला. घसा बसलाच तर कुजबुजत बोलू नका, गप्प बसा.

चौथ्या आठवड्यापासून घड्याळ. वेळेची मर्यादा एक तास असेल तर तालमीत एकांकिका बावन्न-त्रेपन्न मिनिटांत संपली पाहिजे, कारण प्रेक्षक हसतात, टाळ्या वाजवतात आणि तेवढा वेळ नटाला थांबावं लागतं. वेळ कमी करायला भराभर बोलू नका, वाक्यं कापा. सेट लावायला आणि काढायला किती मिनिटं देतात ते नियमात वाचा आणि त्याची वेगळी तालीम करा, कोण काय उचलतो ते नावासकट ठरवून.

रंगीत तालीम म्हणजे जीआर, ग्रँड रिहर्सल: कपडे, मेकअप, लाईट, सगळं, आणि काहीही झालं तरी थांबायचं नाही. वस्तू पडली तर पात्र ती उचलेल, वाक्य चुकलं तर समोरचा सांभाळेल. ज्यांना गोष्ट माहीत नाही असे पाच-सात लोक बोलवा, त्यांना 'कसं वाटलं' असं विचारू नका, गोष्ट सांगायला लावा, ते जिथे चुकीचं सांगतील तिथे तुमचं काम बाकी आहे. नोट्स फक्त दिग्दर्शकाने द्यायच्या, नटांनी एकमेकांना शिकवायचं नाही, त्याने मनं दुखावतात आणि प्रसंग बिघडतात. प्रयोगाच्या आदल्या रात्री नवीन काही सांगू नका, एक स्पीड रन घ्या आणि सगळ्यांना घरी झोपायला पाठवा.

प्राथमिक फेरीतून पुढे गेलात तर दोन दिवस पूर्ण सुट्टी द्या, मग पुन्हा एक बैठं वाचन घ्या. मधल्या दिवसांत पंधरा जण पंधरा बदल सुचवतील, त्यातले जे परीक्षकांनी बोलून दाखवलेत आणि दिग्दर्शकालाही पटलेत तेवढेच करा. आणि सेट सुटा करण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा.