जुन्या घराची दुरुस्ती आणि शिशाचा रंग : या चुका टाळा

अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत घर शोधणाऱ्या मराठी कुटुंबांना साठ, ऐंशी, कधी शंभर वर्षांपूर्वीची घरे सर्रास पाहायला मिळतात. घर घेतले की स्वयंपाकघर मोठे करायचे, खिडक्या बदलायच्या, भिंती नव्याने रंगवायच्या, असे बेत ओघानेच येतात. मात्र तेथे घरगुती रंगातील शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये, आणि त्याआधीच्या घरांत नव्या रंगाखाली शिशाच्या रंगाचे जुने थर असण्याची शक्यता मोठी असते. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, म्हणजे ईपीएच्या, अंदाजानुसार १९४० पूर्वीच्या सुमारे ८७ टक्के घरांत, तर १९६० ते १९७७ या काळातील सुमारे २४ टक्के घरांत असा रंग आढळतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे धोका केवळ पोपड्यांत आहे, असे मानणे. भिंतीला घट्ट चिकटून राहिलेला, न उखडलेला थर सहसा अपाय करत नाही. तो घासला, कापला किंवा खरवडला की जी पिठासारखी बारीक धूळ उडते, ती जमिनीवर, खिडकीच्या कट्ट्यावर आणि खेळण्यांवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. सहा वर्षांखालील मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो. गर्भवतीच्या शरीरातील शिसे गर्भापर्यंत पोहोचते. म्हणून दुरुस्तीचे बहुतेक सगळे नियम या धुळीभोवतीच बांधलेले आहेत.

कंत्राटदार निवडतानाच्या चुका

ईपीएचा दुरुस्तीविषयक नियम २२ एप्रिल २०१० पासून लागू आहे. १९७८ पूर्वीच्या घरात मोबदला घेऊन रंगाला धक्का लावणारे काम करणाऱ्या कंपनीकडे प्रमाणपत्र हवे आणि कामावर प्रशिक्षित, प्रमाणित कारागीर नेमलेला हवा. अनेक जण तोंडी आश्वासनावर समाधान मानतात. तसे करू नये. प्रमाणपत्र प्रत्यक्ष पाहावे आणि काम सुरू होण्यापूर्वी शिशाविषयीची अधिकृत माहितीपुस्तिका मागून घ्यावी, कारण ती देणे कंत्राटदाराला बंधनकारक आहे. मॅसॅच्युसेट्ससारखी काही राज्ये हा कार्यक्रम स्वतः चालवतात, तेव्हा तेथे राज्याच्या यंत्रणेकडे चौकशी करावी.

‘काम छोटे आहे, नियम लागू होत नाही’ हे वाक्यही पारखून घ्यावे. घराच्या आत एका खोलीत ६ चौरस फुटांपर्यंत आणि बाहेरच्या बाजूला २० चौरस फुटांपर्यंत रंगाला धक्का लागत असेल, तर ते किरकोळ काम ठरते. पण खिडकी बदलणे किंवा रंगवलेला भाग पाडणे या सवलतीत कधीच बसत नाही, आणि एकाच खोलीतील काम तुकडे पाडून तीस दिवसांच्या आत केले तर ते एकच काम धरले जाते. खिडक्यांबाबतचा हा कडकपणा मला अगदी योग्य वाटतो, कारण सरकत्या चौकटी वर्षानुवर्षे एकमेकींवर घासल्या गेलेल्या असतात आणि त्यांच्या खाचांत धूळ साचलेली असते.

स्वतःच्या राहत्या घरात स्वतः काम करणाऱ्या मालकाला हा नियम लागू नाही, आणि येथेच फसगत होते. कायद्याने सूट दिली म्हणून धूळ निरुपद्रवी होत नाही. शिवाय घराचा काही भाग भाड्याने दिलेला असेल किंवा घरात पाळणाघर चालत असेल, तर ही सूट उरत नाही.

काम चालू असतानाच्या चुका

उघड्या ज्योतीने रंग जाळणे, ११०० अंश फॅरनहाइटच्या वर तापणारी हीट गन वापरणे आणि धूळ शोषून घेणाऱ्या हेपा (अतिबारीक धूळ अडवणारा फिल्टर) जोडणीशिवाय यंत्राने घासणे, या तिन्ही गोष्टींना प्रमाणित कंत्राटदाराला मनाई आहे. घरमालकानेही त्या करू नयेत. हाताने कोरडे घासण्याऐवजी पृष्ठभागावर पाण्याचा फवारा मारून घासावे. पण विजेच्या बटणांजवळ आणि सॉकेटजवळ पाणी वापरू नये.

खोलीतील सामान बाहेर काढावे किंवा झाकावे, हवा खेळवणाऱ्या यंत्रणेची तोंडे बंद करावीत आणि कामाच्या जागेपासून निदान ६ फुटांपर्यंत जमिनीवर प्लास्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात. बाहेरच्या कामासाठी हे अंतर १० फूट आहे. कामाचे कपडे आणि बूट तसेच घरभर नेल्यास ही सारी मेहनत वाया जाते.

सफाईत झाडू हाती घेणे ही नेहमीची चूक आहे. झाडू आणि साधा व्हॅक्यूम क्लिनर दोन्ही बारीक धूळ पुन्हा हवेत सोडतात. हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम फिरवावा, मग ओल्या फडक्याने पुसावे. प्रमाणित कारागिराने शेवटी ओल्या फडक्याने जमीन पुसून त्याचा रंग ठरावीक कार्डाशी ताडून पाहणे अपेक्षित असते. हे आपल्यासमोर करवून घ्यावे. तोवर मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नये.

काम आधीच निष्काळजीपणे होऊन गेले असेल, तर लक्षणांची वाट पाहत बसू नये. शिशाची बाधा पुष्कळदा बाहेरून दिसत नाही. ती रक्ततपासणीतच कळते. दर डेसिलिटर रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे आढळल्यास अमेरिकेत मुलाकडे पुढील लक्ष देण्याची शिफारस आहे. मुलाच्या डॉक्टरांना दुरुस्तीची माहिती स्पष्टपणे सांगावी.

गावाकडचे जुने घर दुरुस्त करतानाही ही पद्धत पाळावी. भारतात घरगुती रंगांतील शिशावर १० लाख भागांमागे ९० भागांची मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आहे, पण ती रंगाच्या नव्या डब्यासाठी आहे, दारे-खिडक्यांवर आधीच चढलेल्या थरांसाठी नाही. रंगाऱ्याला कोरडे घासू न देणे, प्लास्टिक अंथरायला लावणे आणि सफाई पूर्ण होईपर्यंत मुलांना व गर्भवतीला दुसऱ्या घरी ठेवणे, ही व्यवस्था तेथे घरच्यांनीच करावी लागते.