स्पर्धेतल्या फोटोवर कसं बोलावं, कसं ऐकावं

फोटो म्हणजे काढणाऱ्यानं एकामागून एक घेतलेले निर्णय. कुठे उभं राहायचं, किती वाजता पोचायचं, कोणती लेन्स लावायची, बटण नेमकं कधी दाबायचं, काय चौकटीबाहेर ठेवायचं, घरी येऊन रंग किती चढवायचा. कुणाच्या फोटोवर बोलायचं असेल तर यातल्या एखाद्या निर्णयावर बोट ठेवून बोला. 'फोटो फ्लॅट वाटतोय' एवढंच ऐकून माणूस घरी जातो आणि काँट्रास्टची पट्टी उजवीकडे ओढतो. खरं कारण बहुतेक वेळा वेगळं असतं. तो भर दुपारी, सूर्य डोक्यावर असताना गेलेला असतो आणि भिंतींवर, माणसांवर तिरकी सावलीच पडलेली नसते. 'हाच चौक संध्याकाळी पाचनंतर बघा, पश्चिमेकडून ऊन तिरकं येतं' असं सांगितलं की त्याच्या हातात काहीतरी पडतं.

मी साताऱ्यात बँकेत नोकरी करते आणि आमच्या हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात दर महिन्याच्या स्पर्धेनंतरची चर्चा चालवते. येणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, निवृत्त शिक्षक असतात, दुकान लवकर बंद करून येणारे असतात. या मंडळींचा रविवार मोलाचा असतो. म्हणून चर्चा कशी व्हावी याबद्दल माझी मतं पक्की आहेत.

पहिलं मत क्रमाबद्दल. चर्चा निकालाआधी व्हावी. गुण जाहीर झाले की कुणाला काही ऐकू येत नाही. ज्याला बक्षीस मिळालं त्याला ऐकायची गरज वाटत नाही आणि ज्याला नाही मिळालं तो प्रत्येक वाक्यात आपण का हरलो तेच शोधत बसतो. परीक्षकांचे गुण पाकिटात बंद राहू देत. आधी फोटो पडद्यावर, नाव न सांगता. चर्चेला फोटो ठेवायचा की नाही हे ज्याचं त्याला ठरवू द्या. प्रवेशिकेवर तशी एक खूण करायची सोय ठेवली की झालं. नवख्या मुलामुलींना याचा फार आधार वाटतो. परीक्षकालाही एक विनंती करून ठेवावी: व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून शार्पनेसबद्दल मत देऊ नका. तिथे फोटो दाबला जातो, पिसांचा आणि केसांचा तपशील जातो. मूळ फाइल मागवा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

बोलणाऱ्यानं सुरुवात आपल्या नजरेपासून करावी. 'माझी नजर आधी इथे गेली, मग इथे, आणि इथे अडकली.' हे कुणी खोडू शकत नाही, कारण तो तुमचा अनुभव आहे. त्यानंतर एक प्रश्न: हे मुद्दाम ठेवलंय का? मग सूचना. एका फोटोवर दोन मुद्द्यांच्या वर जाऊ नये. दहा चुका दिसत असल्या तरी ज्या दोन सुधारल्यानं फोटो सगळ्यात जास्त बदलेल त्या सांगाव्यात. बाकीच्या पुढच्या महिन्यात आपोआप कमी झालेल्या दिसतात.

एक उदाहरण सविस्तर सांगते. कास पठारावरचा फोटो होता, सप्टेंबरमधला, तिसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलीचा. पुढे ओल्या कातळावर सीतेच्या आसवांची तीन फुलं शार्प, मागे पांढऱ्या गेंदाचे धूसर ठिपके, आणि अगदी वरच्या कडेला धुक्यानं पांढऱ्या पडलेल्या आभाळाची बोटभर पट्टी. हे फूल करंगळीच्या नखाएवढं. त्याच्या पातळीला कॅमेरा न्यायचा म्हणजे वाटेच्या कडेला ओल्यात पोटावर पडावं लागतं. ते तिनं केलं होतं, आणि मी बोलायला सुरुवात त्याच निर्णयापासून केली: कॅमेरा इतका खाली नेला म्हणून गेंद असे तरंगल्यासारखे दिसतात, उभ्यानं काढला असतास तर नुसती जमीन दिसली असती. ही स्तुती मी तिला बरं वाटावं म्हणून केली नाही. काय जमलं ते नेमकं कळलं नाही, तर ते पुन्हा करता येत नाही.

मग अडचण. माझी नजर आधी त्या पांढऱ्या पट्टीवर जात होती, फुलावर नंतर. चौकटीतला सगळ्यात उजळ भाग वरच्या कडेला होता आणि डोळा उजेडाकडे धावतो. मी विचारलं, आभाळ मुद्दाम ठेवलंस का? ती म्हणाली, हो, हे उघड्यावरचं पठार आहे हे दिसायला हवं होतं. हे उत्तर मला फार आवडलं, कारण सूचनाच बदलली. मी 'पट्टी कापून टाक' म्हणणार होते. आता म्हणाले, मग आभाळ नीट दे. निदान चौकटीचा तिसरा भाग दे, आणि नुसतं पांढरं न देता ढगाला आकार येईपर्यंत थांब. बोटभर पट्टीनं पठारही कळत नाही आणि फुलावरचं लक्षही उडतं. ठेवायचं तर ठसठशीत ठेव, नाहीतर कॅमेरा खाली वाकवून आभाळ चौकटीबाहेर घालव.

दुसरा मुद्दा रंगाचा. फुलांच्या पाकळ्या निळ्याजांभळ्या, पण पडद्यावर त्या एकसलग निळ्या डागासारख्या दिसत होत्या, शिरा गेलेल्या. अशा वेळी 'ओव्हरसॅच्युरेटेड आहे' एवढं म्हणून सोडू नये. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळोख आणि उजेड किती आहे ते दाखवणारा आलेख, लाल, हिरव्या, निळ्या अशा तिन्ही रंगांचा वेगवेगळा उघडायला सांगावं. एकत्र आलेख बघितला तर सगळं ठीक वाटतं, पण निळा उजव्या कडेला जाऊन टेकलेला असतो, आणि तिथे तपशील उरलेला नसतो. रॉ फाइल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली) असेल तर प्रोफाइल 'व्हिव्हिड'वरून 'न्यूट्रल'वर आणायचं, फक्त निळ्या आणि जांभळ्याची पट्टी थोडी मागे घ्यायची, शिरा परत येतात. तिनं तिथेच लॅपटॉपवर करून बघितलं आणि पाकळीवरची बारीक रेघ सगळ्या सभागृहाला दिसली.

वारीच्या फोटोंवर दरवर्षी एकच तक्रार होते: टोप्या फुटल्यात, पांढऱ्यात काही राहिलं नाही. तक्रार बरोबर, पण उपयोगाची कधी होते? दिवे घाटातल्या फोटोत मागे गर्द, ओला डोंगर असतो. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला सगळं काळं दिसतं म्हणून तो उजेड वाढवतो आणि पांढऱ्या टोप्या, धोतरं पार जळतात. 'एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन मायनस एकच्या आसपास ठेवा, म्हणजे कॅमेरा उजेड कमी घेईल, आणि जळालेला भाग दाखवणारी हायलाइटची लुकलुक चालू करून घ्या' हे सांगायला दहा सेकंद लागतात. पुढच्या वर्षी त्याच वळणावर उभ्या राहिलेल्या माणसाला ते आठवतं.

काही वाक्यं चर्चेतून हद्दपार करावीत असं मला मनापासून वाटतं. 'मी असतो तर वाइड लेन्स लावली असती' हे पहिलं. तुम्ही नव्हता, जो होता त्याच्याकडे पन्नास मिलिमीटरची लेन्स होती. 'रूल ऑफ थर्ड्स (चौकटीचे तीन-तीन भाग करून विषय त्या रेषांवर ठेवायचा नियम) पाळला नाहीये' हे दुसरं. नियम मोडल्यानं फोटोचं काय बिघडलं ते सांगता येत असेल तर तेच सांगा, आणि येत नसेल तर बहुधा काही बिघडलेलं नसतं. आणि कॅमेऱ्याच्या किमतीवरून केलेलं कुठलंही बोलणं. आधी गोड, मग कडू, मग पुन्हा गोड अशी ठरवून केलेली टीकाही मला पटत नाही. ऐकणारा तिसऱ्यांदा ते ओळखतो आणि नंतरची खरी स्तुतीसुद्धा त्याला वेष्टन वाटू लागते.

वयाचा मान हा आपल्याकडचा खरा पेच आहे. एकोणीस वर्षांच्या पोरानं सत्तरीतल्या काकांच्या फोटोवर बोलायचं कसं? गप्प बसणं हा मान नाही. प्रश्नाच्या रूपात बोलावं. 'काका, उजवीकडच्या बाईंचा हात मनगटापाशी कापला गेलाय, तो तसाच हवा होता का तुम्हाला?' यात उद्धटपणा नाही आणि मुद्दाही पोचतो. काकांनीही 'चाळीस वर्षं फोटो काढतोय' हे उत्तर देऊ नये. प्रश्न मनगटाचा आहे, तर उत्तरही मनगटाबद्दलच असावं.

विभागाचे नियम हा वेगळा विषय; तो सौंदर्याच्या चर्चेत मिसळू नये. कृष्णधवल चेहरा आणि कपाळावरचं कुंकू तेवढं लाल ठेवलेला फोटो दरवर्षी कुणीतरी मोनोक्रोम (एकरंगी) विभागात पाठवतं. फियाप या छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येनुसार एका रंगाची भर पडली की ते काम रंगीत विभागात जातं. ते शांतपणे सांगायचं आणि मग फोटो म्हणून तो कसा आहे ते वेगळं बोलायचं. निसर्ग विभागात क्लोनिंग करून, म्हणजे शेजारचा भाग वर चिकटवून, फांदी उडवलेली चालत नाही; क्रॉप, म्हणजे कडा कापणं, चालतं.

आणि पक्षी. भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यात रोहित पक्ष्यांचा थवा उडतानाचा फोटो आला की मी विचारते, थवा आपण उडाला की नाव जवळ नेऊन उडवला? हा प्रश्न विचारायला लाजू नये. घरट्यातल्या पिल्लांचा फोटो असेल तर मी रचनेवर बोलतच नाही. फोटो कसा मिळवला यावर मोठ्या स्पर्धांतही निकाल फिरले आहेत: 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर'मधला २००९ सालचा पहिला क्रमांक, कुंपणावरून उडी घेणारा लांडगा, २०१० मध्ये बाद झाला, कारण तो माणसाळलेला लांडगा असावा असं परीक्षकांचं मत झालं. छायाचित्रकारानं ते नाकारलं होतं. म्हणून आपल्याकडेही विचारावं, पण आरोप करू नये. उत्तर ऐकून घ्यावं.

आता ऐकणाऱ्याबद्दल. हे बोलण्यापेक्षा अवघड आहे.

आपला फोटो पडद्यावर आला की पहिली काही मिनिटं काही बोलू नका. पहाटे चारला उठून अजिंक्यतारा चढलात, पाऊस आला, बॅटरी संपत आली होती, हे सगळं खरं असतं, पण ते चौकटीत आलेलं नसतं. बघणाऱ्याला फक्त चौकट दिसते. तुम्ही आधीच गोष्ट सांगितली तर तो फोटो बघायचं सोडून गोष्ट ऐकतो, आणि फोटो एकटा उभा राहतो की नाही हे तुम्हाला कधीच कळत नाही. वही आणा. जे म्हटलं गेलं ते त्याच शब्दांत लिहा. 'फुलं आवडली नाहीत' असं आपल्या मनानं बदलून लिहू नका. 'नजर आधी आभाळावर जाते' म्हटलं असेल तर तेच लिहा.

त्यातून काय घ्यायचं आणि काय सोडायचं? माझी पद्धत साधी आहे. अडचण दाखवली तर विश्वास ठेवा, उपाय सुचवला तर तपासून घ्या. तीन जण एकाच कोपऱ्यावर अडखळले तर त्या कोपऱ्यात काहीतरी नक्की आहे. एक म्हणेल क्रॉप कर, दुसरा म्हणेल काळोखात घाल, तिसरा म्हणेल तिथे एखादा माणूस येईपर्यंत थांबायला हवं होतं. तिघांचेही उपाय चुकीचे असू शकतात, कोपरा मात्र खरा असतो. ज्या सूचनेनं तुमचा फोटो सुधारण्याऐवजी दुसराच कुठलातरी फोटो होतो, ती सूचना आभार मानून बाजूला ठेवावी. चुलीपुढच्या आजींच्या फोटोतला धूर कुणी 'स्वच्छ कर' म्हणालं आणि तुम्ही आजींना धुरातच बघितलं असेल, तर धूर राहू द्या.

कुणी मोघम बोललं तर रागावू नका, प्रश्न विचारा. 'काहीतरी कमी वाटतं' याला 'तुमची नजर आधी कुठे गेली?' हा प्रश्न पुरतो. बहुतेक माणसं त्यानंतर आपोआप नेमकं बोलू लागतात.

गुणांचा अर्थही समजून घ्यावा. गुण त्या दिवशी शेजारी असलेल्या फोटोंच्या तुलनेत पडतात. विषय 'संध्याकाळ' असेल आणि अर्धे फोटो सूर्यास्ताचे असतील, तर तुमचा चांगला सूर्यास्तही परीक्षकाला थकल्या डोळ्यांनी दिसतो. एका स्पर्धेत मागे पडलेला फोटो दुसऱ्या विषयात वर येताना मी पाहिला आहे. चर्चा फोटोबद्दल सांगते, गुण त्या दिवसाबद्दल सांगतात; एकाचं ओझं दुसऱ्यावर टाकू नका.

घरी गेल्यावर लगेच संगणक उघडू नका. दोन-चार दिवस जाऊ द्या. मग मूळ फाइल तशीच ठेवून प्रत काढा आणि सूचना करून बघा. फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटवून बघा, नखाएवढा छोटा करून बघा. तोल गेला असेल तर ते लगेच दिसतं.

एक गोष्ट कळवळून सांगते. गेलेल्या वडिलांचा शेवटचा फोटो, आजारी आईचा चेहरा, असं काही स्पर्धेत पाठवण्याआधी स्वतःला विचारा की कुणी 'मागचा पडदा विचलित करतो' म्हटलं तर मला ऐकवेल का. नाही वाटलं तर तो घरात लावा. तो फोटो कमी दर्जाचा म्हणून हे सांगत नाही. त्याच्यावर परक्यानं बोलायची गरजच नाही.

पुढच्या महिन्याच्या चर्चेत पहिली पंधरा मिनिटं आम्ही सुधारून आणलेल्या फोटोंना देतो. जुना आणि नवा शेजारी शेजारी लावतो. ज्यानं सूचना केली होती त्यानं पहिल्यांदा बोलायचं, आणि जुनाच चांगला वाटत असेल तर तसं मोकळेपणानं म्हणायचं.