पावसाळ्यात स्क्रॅपबुकची पानं कुरळी झाली, मग काय केलं

आमच्या रत्नागिरीत जून लागला की कागद पापडासारखा सादळतो, माझ्या स्क्रॅपबुकची तर पार वाट लागली, गणपतीपुळ्याच्या फोटोंवर बुरशीचे ठिपके पण. आधी वाटलं कागदच हलका असेल, पण मुख्य घोळ गमचा होता, पांढऱ्या गममध्ये पाणी असतं ते कागद पितो नि फुगतो. आता फोटो डबल साइड टेपनेच लावते, पानं २५० जीएसएमची म्हणजे चांगली जाड, ॲसिड फ्री म्हणजे आम्ल नसलेली, आणि वही घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. कुरळी पानं पाट्याखाली आठवडाभर दाबली, बरीच सरळ झाली. डाग मात्र गेले नाहीत, वर वाळलेलं पिंपळपान लावणार होते, आई म्हणाली अगो त्यालाही बुरशी येईल, मग कागदाचंच कापलं.