डेंग्यूचं नेटवर्क काढताय? व्हायरस-होस्ट डेटाबेस वापरताना या चुका टाळा

पावसाळा आला की मुंबईत डेंग्यू वाढतो, आणि कलिन्यापासून परळपर्यंत एमएससी प्रोजेक्टचे विषयही डेंग्यूवरच येऊन थांबतात. काम म्हणजे व्हायरसचं कुठलं प्रोटीन माणसाच्या (म्हणजे होस्टच्या) कुठल्या प्रोटीनला भिडतं याचं जाळं काढायचं. मग काय, इंटॅक्ट नाहीतर व्हायरहोस्टनेट (अशा जोड्यांचे ऑनलाइन डेटाबेस) उघडायचं, फाईल डाउनलोड करायची, पहिले दोन कॉलम ठेवायचे, बाकी उडवायचे आणि सायटोस्केपमध्ये (जाळ्याचं चित्र काढणारं सॉफ्टवेअर) टाकायचं. चित्र भारी येतं, पण गाईडने एका रेषेवर, म्हणजे एका जोडीवर, बोट ठेवून "ही कशावरून?" विचारलं की तोंड बंद.

सगळ्यात मोठा घोळ आयडीचा. डेंग्यूचा व्हायरस आधी एकच लांबलचक पॉलीप्रोटीन बनवतो, साधारण ३४०० अमिनो अ‍ॅसिडचं, आणि ते कापून १० प्रोटीन्स तयार होतात. युनिप्रॉट या प्रोटीन्सच्या डेटाबेसमध्ये या अख्ख्या पॉलीप्रोटीनला एकच नंबर असतो, आणि कापलेल्या प्रत्येक तुकड्याला इंटॅक्टच्या फाईलमध्ये त्याच नंबरपुढे डॅश देऊन 'पीआरओ'ने सुरू होणारा वेगळा आयडी. आता माणसाच्या प्रोटीनमध्ये डॅशपुढे आयसोफॉर्मचा (त्याच प्रोटीनच्या वेगळ्या रूपाचा) नंबर असतो, तो बहुतेकांना नकोच असतो, म्हणून स्क्रिप्टमध्ये डॅशपुढचं सरसकट कापून टाकतात आणि तिथेच एनएस१, एनएस५, एन्व्हलप ही वेगवेगळी प्रोटीन्स चित्रातल्या एकाच नोडमध्ये (ठिपक्यात) जाऊन बसतात. वर "प्रचंड मोठा हब (खूप जोड्या असलेला ठिपका) सापडला" असं रिपोर्टमध्ये लिहायचं! डॅश कापायचा तर फक्त होस्टच्या बाजूला कापा. आणि व्हायरस दरवेळी पहिल्याच कॉलममध्ये असेल असं धरू नका, कोण कुठल्या बाजूला आहे ते टॅक्सॉन आयडीवरून, म्हणजे प्रत्येक जीवाला दिलेल्या नंबरवरून, ठरवा (माणूस ९६०६).

टॅक्सॉनवरून आठवलं, डेंग्यूच्या चारही सीरोटाइपचे (प्रकारांचे) आयडी वेगळे आहेत, त्यांच्याखाली स्ट्रेन्सचे अजून वेगळे. सर्चमध्ये रिझल्ट फारच कमी आले तर आधी खालचे आयडी घेतलेत का ते बघा. होस्टचा टॅक्सॉनही बघाच, कारण डेंग्यूचं एनएस५ माणसाच्या स्टॅट२ या रोगप्रतिकारातल्या प्रोटीनला धरून संपवतं, उंदराच्या स्टॅट२ला नाही. नुसतं जीनचं नाव घेऊन उंदीर-माणूस एकत्र केलं तर हा फरक गेलाच.

आता ते उडवलेले कॉलम. हे डेटाबेस ज्या फॉरमॅटमध्ये डेटा देतात त्या मिटॅब २.५ फाईलमध्ये १५ कॉलम असतात, त्यातला सातवा म्हणजे कुठल्या पद्धतीने सापडलं, नववा पेपर, बारावा इंटरॅक्शनचा प्रकार. हे तीन तरी ठेवा. पुलडाऊन प्रकारच्या प्रयोगात (एका प्रोटीनला पकडून बाहेर ओढायचं) काय होतं, दादरला एकाला हात धरून खेचलं की त्याच्या बॅगेला अडकलेले दोघं-तिघंही उतरतात, तसं सगळं कॉम्प्लेक्स (एकमेकांत अडकलेल्या प्रोटीन्सचा गट) बाहेर येतं. डेटाबेस मग स्पोक पद्धतीने प्रत्येकाला थेट व्हायरसच्या प्रोटीनशी जोडून वेगवेगळ्या ओळी देतो. त्यामुळे "असोसिएशन" लिहिलेली ओळ म्हणजे थेट चिकटणं नव्हे, त्यासाठी "डायरेक्ट इंटरॅक्शन" शोधा. एचआयव्हीवाल्यांनी तर जास्तच सांभाळा, एनसीबीआयच्या एचआयव्ही-ह्युमन डेटाबेसमध्ये "अपरेग्युलेट करतं" (प्रमाण वाढवतं) असल्या नोंदीही आहेत, म्हणजे दोन प्रोटीन्स एकमेकांना शिवलेलीही नसतील.

उलटंही होतं, म्हणजे खरी जोडी यादीत नसते. २०२०मध्ये कोविडच्या व्हायरसचा जो मोठा नकाशा आला त्यात ३३२ इंटरॅक्शन्स होती, पण स्पाइकपुढे एसीई२ नाही, म्हणजे स्पाइक पेशीत शिरताना ज्याला चिकटतं तेच प्रोटीन नाही! कारण प्रयोग एचईके२९३टी या लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशींमध्ये झाला होता आणि त्यांच्यात एसीई२ जेमतेमच असतं. तेव्हा यादीत नाही म्हणून ती जोडी निगेटिव्ह (म्हणजे भिडतच नाही अशी) धरून मशीन लर्निंगला देऊ नका.

एकच पेपर तीन डेटाबेसमध्ये दिसला तर ते तीन पुरावे नाहीत, पबमेड आयडीने (प्रत्येक पेपरचा नंबर) मोजा. व्हायरसेस-स्ट्रिंग या आणखी एका डेटाबेसचा स्कोअर आणि इंटॅक्टचा स्कोअर एकाच कॉलममध्ये ठेवून सॉर्टही करू नका, स्ट्रिंगच्या स्कोअरमध्ये टेक्स्ट मायनिंग (पेपरांच्या मजकुरातून कॉम्प्युटरने शोधलेल्या जोड्या) मिसळलेलं असतं.

फाईल एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नका हो प्लीज. मार्च८ हा एचआयव्हीला अडवणारा जीन, एक्सेल त्याची ८ मार्च तारीख करून ठेवतं. म्हणूनच त्याचं अधिकृत नाव आता मार्चएफ८ केलंय, पण जुन्या फायलींमध्ये जुनंच नाव असतं.

आणि दोन टेबल जोडल्यावर एकही ओळ आली नाही तर घाबरू नका, मिटॅबमध्ये आयडीच्या आधी 'युनिप्रॉटकेबी' आणि कोलन असतो, तो काढून परत चालवा.