दोन व्हीएम, एक मशीन आणि १०० वर अडकलेली वायर

३२ जीबी रॅमच्या प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी संगणक चालवणारी प्रणाली) मशीनवर दोन विंडोज व्हीएम, म्हणजे आभासी संगणक, प्रत्येकी १२ जीबी. एकाने नासवर (नेटवर्कवरच्या फाइल-साठ्यावर) मोठी फाइल टाकायला घेतली की दुसऱ्याचा रिमोट डेस्कटॉप अडखळायचा. नवा राउटर घ्यायच्या आधी होस्टवर, म्हणजे मूळ मशीनवर, ‘ईथटूल’ ही नेटवर्क कार्डचा वेग दाखवणारी कमांड चालवली: स्पीड १०० एमबीपीएस. कार्ड आणि स्विच दोन्ही गिगाबिट (१००० एमबीपीएस), म्हणजे संशय वायरीवर. कनेक्टर कापून पाहिला, तर आतल्या तारांची निळी आणि तपकिरी जोडी नीट बसलेलीच नव्हती. १०० ला नारिंगी-हिरव्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. नेट चालू दिसतं, म्हणून वायरीकडे कुणी बघतच नाही. दोन्ही टोकं ५६८बी या ठरलेल्या रंगक्रमाने नव्याने क्रिम्प केली (कनेक्टर दाबून बसवले). आयपर्फ३ या वेग-चाचणीत ९४ चे ९४० एमबीपीएस झाले.

थोडं अडखळणं उरलं, ते रॅमचं. जुन्या इन्स्टॉलमध्ये झेडएफएस या डिस्कवरच्या फाइल-प्रणालीचा कॅशे निम्मी रॅम घेऊ शकतो. व्हीएमचे २४ अधिक कॅशेचे १६, ३२ मध्ये बसणार कसे? कॅशेची कमाल मर्यादा ४ जीबी केली (आकडा बाइटमध्ये: ४२९४९६७२९६), इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी लोड होणारी फाइल) अपडेट केलं, रीबूट. रूट (सिस्टम जिथे बसवली आहे तो मूळ भाग) झेडएफएसवर असेल तर हे अपडेट विसरू नका, नाहीतर मर्यादा लागूच होत नाही.

व्हीएमचं नेटवर्क कार्ड व्हर्टआयओ (खास व्हीएमसाठी बनवलेला प्रकार) ठेवा, पण विंडोजमध्ये त्याचा ड्रायव्हर आधी टाकून.