इमर्जन्सी मेडिकल मदतीसाठी डोनेशन द्यायचंय? मग असं द्या की ते खरंच कामाला येईल

कुठे भूकंप झाला, युद्ध पेटलं की बातम्या बघून आपल्या सगळ्यांनाच वाटतं काहीतरी पाठवावं, आणि ते वाटायलाच हवं, पण पहिल्या दोन-तीन दिवसांत तिथे जो सर्जन ऑपरेशन करत असतो ना, त्याच्या हातातलं सामान आपण आज पाठवलेल्या पैशातून आलेलं नसतं. ते कोणीतरी आधीच दिलेल्या पैशातून घेतलेलं, किट बनवून गोडाऊनमध्ये ठेवलेलं असतं. अशा संकटांसाठी एक स्टँडर्ड हेल्थ किट असतं, १०,००० लोकांना साधारण ३ महिने पुरेल एवढी औषधं आणि साहित्य त्यात असतं, आणि ते घटना घडल्यावर बनवायला घेतलं तर उशीर झालाच म्हणून समजा.

म्हणून पहिली गोष्ट, जमत असेल तर एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा दर महिन्याला थोडी द्या, ऑटो डेबिट लावून टाका. रक्कम छोटी असली तरी चालेल. संस्थेला पुढच्या वर्षी साधारण किती येणार हे कळलं की ती नर्स, लॉजिस्टिकवाले, ड्रायव्हर यांना कामावर ठेवू शकते आणि गोवरच्या लसीसाठी कोल्ड चेन, म्हणजे लस पोचेपर्यंत थंड ठेवायची सोय, चालू ठेवू शकते (ती लस २ ते ८ डिग्रीतच ठेवावी लागते, मध्ये कुठे जनरेटर बंद पडला तर सगळी वाया).

दुसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि नेमकी हीच लोक करत नाहीत. फॉर्मवर 'जिथे सगळ्यात जास्त गरज आहे तिथे वापरा' असा ऑप्शन असतो, तो निवडा. आपल्याला वाटतं मी अमुक देशासाठी दिले तर तिथेच जायला पाहिजेत, पण मग काय होतं की टीव्हीवर दिसणाऱ्या संकटाकडे पैशाचा पूर येतो आणि जिथे कॅमेरा पोचत नाही तिथे कोरडंच. २००४ च्या त्सुनामीनंतर डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स (एमएसएफ) या संकटात मेडिकल मदत करणाऱ्या संस्थेकडे इतके पैसे आले की त्यांनी काही दिवसांतच सांगितलं की त्सुनामीच्या कामापुरते झालेत, आता उरलेले दुसऱ्या संकटांसाठी वापरू का, आणि तशी डोनर्सची परवानगी मागितली, बहुतेकांनी दिली पण. हैतीचं बघा, भूकंप जानेवारी २०१० मध्ये झाला आणि कॉलरा आला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, तोपर्यंत जगाचं लक्ष दुसरीकडे गेलेलं होतं पण सलाइन, ओआरएस, बेड, स्वच्छ पाणी हे सगळं तेव्हाच लागत होतं.

वस्तू पाठवू नका, पैसे पाठवा. घरातली उरलेली औषधं तर अजिबात नको. एक्स्पायरी जवळ आलेली, लेबल तिथल्या लोकांना वाचता न येणारी औषधं आली की ती वेगळी काढून नष्ट करायला पण माणसं आणि पैसा जातो, म्हणूनच डब्ल्यूएचओच्या गाइडलाइनमध्ये आहे की दान केलेलं औषध पोचल्यावर त्याची मुदत किमान १ वर्ष तरी शिल्लक असावी. पैसे असले की टीम हवं तेच घेते. अतिकुपोषित मुलांना जी शेंगदाण्याच्या पेस्टची पाकिटं देतात, दूध पावडर, साखर, तेल, व्हिटॅमिन्स घातलेली, एका पाकिटात साधारण ५०० कॅलरी असतात आणि एका मुलाला ती रोज, कित्येक आठवडे द्यावी लागतात. मध्येच स्टॉक संपला तर सुधारत आलेलं मूल परत खाली जातं.

संस्था निवडताना वार्षिक रिपोर्ट उघडा. पैसा कुठून आला आणि कशावर गेला एवढं तरी बघाच. ऑफिस खर्च शून्य दिसला म्हणजे संस्था भारी असं नाही हं, ऑडिट, ट्रेनिंग, सिक्युरिटी याला पैसे लागतातच. पैसा कोणाकडून येतो हे पण बघा. एमएसएफचा जवळपास सगळा पैसा सामान्य लोकांकडून येतो, म्हणून २०१६ मध्ये युरोपियन युनियनचं निर्वासितांबाबतचं धोरण पटलं नाही तेव्हा त्यांनी युनियनचे आणि त्यातल्या देशांचे पैसे घेणं बंद केलं, तरी काम चालू राहिलं. युद्धात दोन्ही बाजूंच्या जखमींवर उपचार करायचे असतील तर हे स्वातंत्र्य लागतंच.

फॉरवर्ड होऊन आलेल्या क्यूआर कोडवर किंवा लिंकवर पैसे टाकू नका, मोठ्या संकटानंतर फसवणूक करणारे पण लगेच जागे होतात. वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप करून जा आणि पावती घ्या. तुमची कंपनी कर्मचाऱ्याच्या डोनेशनइतकीच रक्कम स्वतःकडून घालते का हे एचआरला विचारा, बऱ्याच कंपन्यांत ही स्कीम असते आणि कोणी वापरतच नाही.

आणि कधी पैशाची अडचण आली तर डेबिट गुपचूप बंद करू नका, संस्थेला मेल करून रक्कम कमी करा किंवा दोन-तीन महिने थांबवायला सांगा, म्हणजे त्यांना खरेदीची ऑर्डर त्या हिशोबाने लावता येते.